बाराव्या होलवरची खूण

पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या कॅडींना, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांना, एका तंबूत बसवून नियम सांगण्यात आले. सांगणारी बाई परदेशी होती. ती इंग्रजीत बोलायची आणि शेजारचा माणूस ते हिंदीत करून सांगायचा. बहुतेक नियम मला आधीच पाठ होते. एक नियम मात्र तिनं दोनदा सांगितला. आपल्या खेळाडूनं कोणत्या नंबरची काठी वापरली ते दुसऱ्या खेळाडूला किंवा तिच्या कॅडीला सांगायचं नाही. तोंडानं नाही, खुणेनं नाही, बॅगेकडे बोट करूनही नाही. एकाच संघातल्या असल्या तरी नाही. सांगितलं किंवा विचारलं तर आपापल्या खेळाडूवर दोन फटक्यांचा दंड.

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "एकाच संघातल्यांना का नाही?"

बाई हसली नाही. ती म्हणाली, कारण प्रत्येक मुलगी इथं दोन स्पर्धा खेळते आहे.

ते खरंच तसं होतं. बायकांच्या व्यावसायिक गोल्फची ही मालिका वर्षभर गावोगाव फिरायची आणि त्या वर्षीचा शेवटचा टप्पा सुरतेबाहेरच्या मैदानावर होता. तिघींचा एक संघ. तिघी एकत्र चालायच्या, एकत्र खेळायच्या. प्रत्येक होलवर तिघींपैकी ज्या दोघींचे फटके कमी, त्यांचे आकडे संघाच्या खात्यात जायचे. तिसरीचा आकडा संघ विसरून जायचा. पण वैयक्तिक यादीत कोणाचंच काही विसरलं जात नसे. तिथं प्रत्येकीचा प्रत्येक फटका धरला जायचा. एकच चेंडू, एकच फटका आणि त्याचे दोन निकाल. संघातली मैत्रीण वैयक्तिक यादीत तुमच्याच जागेवर टपलेली असू शकते, म्हणून तिला मदत करायची नाही.

मला हे चांगलं समजलं होतं. पुढे जे झालं ते न समजल्यामुळे झालं असं कोणी म्हणू नये.

खेळाडू म्हणजे माझी भाची, माझ्या भावाची मुलगी. भाऊ त्याच मैदानावर गवत कापायचं मशीन चालवतो. नंदुरबारकडून सुरतेला आला तेव्हा आधी लूमवर होता, कानाला त्रास झाल्यावर मैदानावर लागला. मुलगी लहानपणी त्याच्याबरोबर जायची आणि झाडीत हरवलेले चेंडू गोळा करायची. पुढे एका सभासद बाईनं तिच्या हातात जुनी काठी दिली. तिथून इथवर ती कशी आली, ते सांगत बसत नाही. त्यात रडण्यासारखं आणि टाळ्या वाजवण्यासारखं बरंच आहे, पण ते ती स्वतः सांगेल तर सांगेल. ती सुरतेतल्या डिंडोलीत वाढली, गुजराती शाळेत शिकली, मला आत्या न म्हणता फोई म्हणते.

मी उधन्यातल्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, एकोणीस वर्षं बॉबिन भरल्या. आता पर्वत पाटियाजवळ साडीच्या गोदामात पॅकिंगवर सुपरवायझर आहे. पंधरा किलोची बॅग खांद्यावर घेऊन पाच तास चालणं मला जड जात नाही, आणि मी खेळाडूच्या मध्येमध्ये बोलत नाही. एवढ्या दोन गुणांवर भाचीनं मला कॅडी केलं. सुरतेतले आणि आसपासचे सामने मीच करायचे. नियमांचं पुस्तक मी हिंदीत दोनदा वाचलं होतं. दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत बाजार बंद असतो, त्यामुळे त्या आठवड्यात रजेचाही प्रश्न नव्हता.

त्या आठवड्यात पणाला काय लागलं होतं तेही सांगते. वर्षअखेरच्या वैयक्तिक यादीत पहिल्या चाळीसजणी पुढच्या वर्षी मालिकेत राहणार होत्या. बाकीच्यांनी पुन्हा पात्रता फेरीपासून सुरुवात करायची. भाची पात्रता फेरीत दोन वर्षं अडकली होती आणि तिसऱ्या वर्षी सुटली होती. शेवटच्या दिवशी सकाळी ती एकोणचाळिसावी होती.

तिच्या संघात एक बंगळूरची मुलगी होती आणि एक थायलंडची. थायलंडची कप्तान होती, ती दिवसभरात चार वाक्यं बोलायची. बंगळूरची बोलकी होती. तिचा नेहमीचा कॅडी आजारी पडला म्हणून मैदानानंच तिला इथला एक माणूस दिला. तो पन्नाशीचा, शिरपूरकडचा. मी बॉबिन भरायचे त्याच खात्यात तो बारा वर्षं लूम चालवत होता. खातं विकलं गेलं तेव्हा तोही माझ्या भावासारखा मैदानावर आला. मला ताई म्हणायचा, जरी तो माझ्यापेक्षा मोठा होता.

"ताई, आपण दोघं परत एकाच पाळीत," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "फक्त मालकाचं तोंड बदललं."

"नियम ऐकलेस ना सगळे?"

"ऐकले. झोप लागली मध्ये थोडी."

मी त्याला तो एक नियम परत सांगितला. त्यानं मान हलवली. मान हलवण्यात तो पहिल्यापासून पटाईत होता.

शेवटच्या दिवसाची सकाळ मला आवडली नाही. मी शकुन-अपशकुन मानत नाही, जे दिसलं ते सांगते. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर खाली बसला होता आणि हवा अजिबात हलत नव्हती. खाडीकडून कुजलेल्या, औषधी वासाचा दर्प येत होता. अकराव्या आणि बाराव्या होलमधल्या तळ्यात रात्रीतून मासे मरून वर आले होते. भाऊ आणि त्याच्याबरोबरची दोन माणसं उजाडायच्या आत जाळीनं ते काढत होती. टीव्हीवर दिसायला नकोत म्हणून. बाराव्या होलच्या काठाचं गवतही पिवळं पडलं होतं, त्यावर हिरवा रंग फवारला होता. भावाचे बूट हिरवे झाले होते.

"हात लावू नको त्या पाण्याला," तो मला म्हणाला. "आणि पोरीला सांग, चेंडू पाण्यात गेला तर बोटं तोंडात घालू नको. नखं खाते ती."

"कशामुळे मेले?"

"कोणी सांगतंय थोडंच." त्यानं पोत्याचं तोंड बांधलं. मग विचारलं, "आज राहील ना ती चाळिसात?"

"आधी खेळू दे तिला."

भाचीनं सुरुवात बरी केली. पाचव्यावर एक फटका गेला, सातव्यावर परत मिळाला. अकराव्या होलनंतर मोठ्या फलकावर तिचं नाव सदतिसाव्या जागेवर दिसलं. संघ तर पहिलाच होता, दुसऱ्या संघाच्या दोन फटके पुढे. मी तिला फलक दाखवला नाही. तिनं तो पाहिला होता, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. ती खूश असली की हळू चालते.

बारावा होल छोटा आहे. पण मध्ये ते तळं येतं, आणि पलीकडे ग्रीन, म्हणजे झेंडा रोवलेली ती गुळगुळीत हिरवळ. एकाच फटक्यात पाणी ओलांडून तिथं पोचायचं. काठी थोडी कमी ताकदीची निवडली तर चेंडू पाण्यात, जास्त ताकदीची निवडली तर मागच्या वाळूत. उभं राहायच्या जागेच्या डाव्या हाताला लोखंडी मचाण होतं, त्यावर कॅमेरेवाला. मचाणाखाली ट्रकवर मोठं जनरेटर ठेवलेलं. सकाळपासून ते बंद होतं. आम्ही तिथं पोचलो आणि ते सुरू झालं.

त्या आवाजाचं काय सांगू. दिवाळीत सुरतेतली खाती बंद असतात, कारागीर गावी गेलेले असतात, त्यामुळे आठवडाभर कानाला शांतता मिळाली होती. आणि एकदम हा आवाज. नुसता मोठा नाही, ठोके पडणारा. पायाखालची जमीन थरथरत होती. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नव्हतं. खात्यात असंच असायचं. तिथं कोणी तोंडानं बोलायचंच नाही. लूमवाला लांबून हनुवटी वर करायचा, म्हणजे 'कितवा?' मी बोटांनी आकडा दाखवायचे. पाचाच्या वर असेल तर आधी मूठ, मग बोटं. मूठ म्हणजे पाच. एका पाळीत शंभर वेळा हे चालायचं. उत्तर द्यायला उशीर झाला तर त्याचं मशीन उभं राहायचं आणि शिव्या मला पडायच्या. म्हणून ते उत्तर हातातूनच निघायचं, डोक्यापर्यंत जायची वेळच येत नसे.

पहिला फटका भाचीचा होता. तिनं सात नंबरची काठी घेतली. चेंडू पाण्यावरून गेला आणि झेंड्यापासून आठ-दहा पावलांवर थांबला. तिनं काठी माझ्याकडे दिली, मी ती पुसून बॅगेत घातली.

पुढची पाळी बंगळूरच्या मुलीची. ती सहा की सात अशी अडली होती. एकदा ही काठी उचलायची, एकदा ती. तिचा कॅडी बॅगेमागे उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी वर केली.

मी मूठ दाखवली आणि दोन बोटं.

हात खाली येईपर्यंत मला कळलं नव्हतं. खाली आल्यावर कळलं.  त्यानं सात नंबरची काठी काढून मुलीच्या हातात ठेवली होती. तिनं फटका मारला. तिचाही चेंडू ग्रीनवर, बऱ्यापैकी जवळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मचाणाकडे पाहिलं. कॅमेऱ्यावर लाल दिवा लागलेला होता आणि कॅमेऱ्याचं तोंड आमच्याकडे होतं.

भाचीनं आणि बंगळूरच्या मुलीनं तीन-तीन फटक्यांत होल संपवला. थायलंडच्या मुलीनं चार घेतले.

ग्रीनवरून पुढच्या होलकडे जाताना तो माझ्या बाजूला आला. चांगला खुशीत होता.

"ताई, आपलं खातं अजून चालू आहे."

"तू मला काठी विचारलीस."

"हो मग?"

"आणि मी सांगितली."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मागे वळून मचाणाकडे पाहू नये इतकं भान त्याला होतं. तो समोर बघत म्हणाला, "कोणी पाहिलं? कॅमेरा चेंडूमागं जातो, बाईमाणसाच्या बोटांमागं नाही."

"तुझ्या मुलीवर दोन, माझ्या मुलीवर दोन."

"कशाचे दोन? काय झालं? काही झालं नाही. तोंड शिवून घ्या, ताई. पोरीचा विचार करा."

मी पोरीचाच विचार करत होते. तिला अजून काही माहीत नव्हतं. नियमांच्या पुस्तकात एक गोष्ट आहे. खेळाडूला दंडाची कल्पनाच नसेल आणि तिनं चुकीचा आकडा लिहून सही केली, तर नंतर उघडकीला आल्यावर फक्त ते दोन फटके वाढवतात. पण माहीत असून सही केली तर तिला स्पर्धेतूनच काढतात. म्हणजे मी गप्प असेपर्यंत ती निर्दोष होती. ज्या क्षणी मी तोंड उघडणार, त्या क्षणी ती गोष्ट तिच्या अंगावर जाणार. मी हे पुढचे सहा होल उलटसुलट करून पाहिलं. प्रत्येक वेळी गप्प राहणं हेच तिच्या फायद्याचं निघायचं, आणि प्रत्येक वेळी मला तो लाल दिवा आठवायचा.

तिचा खेळ आणखी सुधारत गेला, हे सर्वांत वाईट. तेराव्यावर तिनं लांबचा पट घातला, म्हणजे ग्रीनवरून चेंडू लांबून थेट भोकात ढकलला. चौदाव्यावर वाळूतून चेंडू असा काढला की थायलंडच्या कप्तानानं दिवसभरातलं दुसरं वाक्य तिच्यासाठी खर्च केलं. भाची माझ्याकडे बघून हसली. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"फोई, तुला बरं नाही का?"

"ऊन आहे."

"ऊन कुठंय? धूर आहे नुसता."

पंधराव्याला नियम पाहणारी ती परदेशी बाई छोट्या गाडीतून आली आणि आमच्या मागून यायला लागली. अगदी हळू. आम्ही थांबलो की ती थांबायची, आम्ही चाललो की तिच्या गाडीची चाकं गवतावर आवाज न करता पुढे सरकायची. तो माणूस माझ्या बाजूला येईनासा झाला. बंगळूरच्या मुलीची बॅग घेऊन तो मुद्दाम दुसऱ्या कडेनं चालायला लागला. सोळाव्यावर बाई गाडीतून उतरली आणि सरळ आमच्याकडे आली. मी बॅग खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

ती म्हणाली, तुमचा संघ मागे पडतो आहे, जरा पाय उचला. एवढंच. वही बंद करून ती निघून गेली.

त्यानं लांबूनच माझ्याकडे पाहून डोळे मिटले, म्हणजे झालं, सुटलो. मला तसं वाटलं नाही. पकडले गेलो नाही म्हणून मोकळं वाटेल असं मी धरून चालले होते, ते वाटलं नाही. उलट ती गाडी झाडांआड जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

अठरावा संपला. फलकावर भाची छत्तिसावी होती. दोरीपलीकडे भाऊ उभा होता, हिरव्या बुटांत. त्यानं दोन्ही हात वर केले. मी त्याच्याकडे बघणं टाळलं.

सामना संपल्यावर खेळाडूंनी एका तंबूत जायचं, प्रत्येक होलचा आकडा तपासायचा आणि सही करायची. कॅडींना आत सोडत नाहीत. तंबूच्या दारापर्यंत वीसेक पावलं होती. बंगळूरची मुलगी पुढे गेली होती. भाची हातमोजा काढत चालत होती. मी तिला हाक मारली.

खरं काय ते लिहिते. मी बोलले ते फार मोठ्या प्रामाणिकपणानं, असं नाही. वर तो कॅमेरा नसता तर बोलले असते का, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. एवढं नक्की की ती सही करून बाहेर आली असती आणि मी तिच्याबरोबर घरी जाऊन वहिनीच्या हातचं जेवले असते, तर ते माझ्या घशाखाली उतरलं नसतं.

"बाराव्यावर मी त्याला सात दाखवला," मी म्हणाले.

"कुणाला?"

"तिच्या कॅडीला. त्यानं विचारलं, माझा हात गेला. खात्यासारखा."

तिनं हातमोजा पूर्ण काढला, घडी केली. माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"हे तू मला आता सांगतेयस."

"सहीच्या आधी."

"सहीच्या नंतर सांगितलं असतंस तर मला माहीत नव्हतं असं झालं असतं."

"मला ते माहीत आहे."

"माहीत असून."

 तंबूच्या दारातला माणूस तिला हातानं बोलवत होता. ती म्हणाली, "आता मला माहीत आहे, फोई. मघाशी नव्हतं." आणि आत गेली.

थोड्या वेळानं मला आत बोलावलं. मग बंगळूरच्या मुलीच्या कॅडीला. टेबलापलीकडे ती परदेशी बाई, शेजारी हिंदी करून सांगणारा माणूस. भाची खुर्चीवर सरळ बसलेली. मी जे झालं ते सांगितलं आणि मूठ आणि दोन बोटं करून दाखवली. बाईनं ते वहीत लिहून घेतलं.

मग त्याला विचारलं, तुम्ही हिला खूण करून विचारलंत का?

तो म्हणाला, "नाही जी. मी कशाला विचारू? मी तर माझ्या मॅडमकडं बघत होतो. ही बाई काय हातवारे करत होती मला नाही माहीत."

"खोटं बोलतोयस," मी मराठीत म्हणाले.

"ताई, मी कुठं काय बोलतोय," तोही मराठीत म्हणाला, अगदी नम्रपणे.

बंगळूरच्या मुलीनं सांगितलं की सातची काठी तिनं स्वतःच ठरवली होती. कदाचित तिला तसंच वाटत असेल. मग त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र मागवलं. आम्ही तिथंच बसून राहिलो, अर्धा तास तरी.  चित्रात मी होते. माझा हात वर होताना स्वच्छ दिसत होता, मूठ, मग दोन बोटं. तो चित्राच्या बाहेर होता. चौकटीच्या कडेला फक्त त्याच्या टोपीची कड दिसत होती.

दंड फक्त भाचीला झाला. बाराव्यावर तिच्या तिनाचे पाच झाले. संघानं त्या होलवर तिच्याऐवजी थायलंडच्या मुलीचे चार धरले, त्यामुळे संघाचा एकच फटका गेला आणि संघ तरीही एका फटक्यानं जिंकला. वैयक्तिक यादीत मात्र तिचे दोन गेले. मागच्या मुली अजून खेळत होत्या, त्यामुळे लगेच काही कळलं नाही. तासभर ती फलकासमोर उभी राहिली. छत्तिसावरून अडतीस, मग एकोणचाळीस. शेवटच्या गटातल्या एका मुलीनं अठराव्यावर पट घातला तेव्हा ती चाळीस होती. त्यानंतर आणखी एकीनं घातला. एक्केचाळीस.

भाऊ दोरीखालून आत आला. "काय व्हयनं?" त्यानं मला विचारलं. बाहेर तो माझ्याशी अहिराणी बोलत नाही. मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "काबर बोलनी तू?" का बोललीस. उत्तराची वाट न बघता तो मशीनच्या शेडकडे निघून गेला.

बक्षीस समारंभात तिघी मंचावर गेल्या. चमकी उडवली, मोठा करंडक तिघींनी मिळून उचलला. भाची मधे होती. तिला हसायला सांगितलं तेव्हा ती हसली, आणि ते हसू फोटोत अगदी खरं दिसतं. दुसऱ्या दिवशी एका गुजराती पेपरात तो फोटो आला. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत ती पेपरात चमकलेली मुलगी झाली. शेजारणी पेढे घेऊन आल्या. एकीनं मला विचारलं, बॅग तुम्ही उचलली होती ना, मग फोटोत का नाही तुम्ही? वहिनीनं पेढे घेतले, चहा केला, आणि त्या गेल्यावर पेढ्यांचा डबा न उघडता फडताळात ठेवून दिला. वैयक्तिक यादी कोणी वाचली नव्हती. वाचली असती तरी चाळीस आणि एक्केचाळीसमध्ये काय असतं हे त्या गल्लीत समजणारी माणसं आमच्या घरातच होती.

भाची मला वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दहा-बारा दिवसांनी ती गोदामावर आली. मी साड्यांच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. ती उभ्या उभ्या म्हणाली, "पात्रता फेरीचं नाव भरलं."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात. बंगळूरला आहे. चार दिवस."

"रजा टाकते."

"नको. कॅडी ठरवलाय."

"कोण?"

तिनं सांगितलं. मी चिठ्ठी तिरकी चिकटवली, ती काढून परत लावली.

"त्यानं तुझ्या तोंडावर खोटं सांगितलं," मी म्हणाले.

"तो माझा कॅडी नव्हता. तो त्याच्या खेळाडूसाठी बोलला. तिचे दोन फटके वाचले ना?"

"वाचले."

"मग." ती गठ्ठ्यावर बोट फिरवत होती. नखं पूर्वीसारखीच खाल्लेली. "तू चांगली आहेस, फोई. मला कॅडी पाहिजे."

मला काय म्हणायचं होतं ते म्हणण्याची ती जागा नव्हती, बाजूला आठ पोरी कात्र्या घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "बापाला माहीत आहे?"

"त्यांनीच सुचवलं."

निघायच्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तो आला होता, नवे बूट, इस्त्रीचा शर्ट. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलला. "ताई, काळजी करू नका. पोरगी घरचीच आहे." त्यानं बॅग उचलली, वजन खांद्यावर नीट बसवलं. बॅग उचलायला तो माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मान्य करायला हवं. भाची वहिनीच्या पाया पडली, माझ्या पडली. भाऊ रिक्षापर्यंत त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत गेला. मी दारातच थांबले.

पहिल्या दिवसाचा खेळ संपल्यावर संध्याकाळी तिचा फोन आला. आकडा उत्तम होता, पहिल्या पाचात. तिच्या आवाजात घाई होती, मागे कोणीतरी हसत होतं.

मी विचारलं, "सगळं नीट झालं ना?"

ती म्हणाली, "आकडा चांगला आहे ना, फोई?"

"आकडा चांगला आहे," मी म्हणाले.

अजून तीन दिवस बाकी होते.